खोपोलीचा राजासॉरस

राजासॉरस हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते खोपोलीच्या इमॅजिका पार्कात, एका होडीच्या राईडच्या पाटीवर. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि भाच्याकडच्या डायनोसॉरच्या जाडजूड पुस्तकातही तो नव्हता. त्या पुस्तकात टी-रेक्स चार पानं अडवून बसलाय, ट्रायसेराटॉप्स आहे, मंगोलियातला वेलोसिरॅप्टर आहे. भारताच्या नकाशावर नुसता हिरवा रंग. रांगेत आमच्या पुढे उभे असलेले एक गृहस्थ बायकोला सांगत होते, ‘‘अगं, हे यांनीच बनवलेलं नाव. जरा देशी वाटावं म्हणून.’’ बायकोने मान डोलावली. मला काहीच माहीत नसल्यामुळे मीही मनातल्या मनात डोलावली.

आम्ही तिघं होतो. मी, बहिणीचा मुलगा आणि आत्या. आत्या वरोऱ्याची, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातली. डिसेंबरात मुलाकडे पनवेलला आली होती. तिला इथवर आणायला पालीच्या बल्लाळेश्वराचं आमिष दाखवावं लागलं. पार्क खोपोली-पाली रस्त्यावरच आहे, आणि वाटेत महडचा वरदविनायक. एका फेरीत अष्टविनायकातले दोन गणपती होतात म्हटल्यावर बाई तयार झाल्या. आदल्या दिवशी दोन्ही दर्शनं उरकली, आणि दुसऱ्या दिवशी ‘‘चाल, आता तुमचा तो पाण्याचा पाळणा पाहू’’ म्हणून ती सुनेचा पंजाबी ड्रेस घालून निघाली. ओढणी कमरेला करकचून बांधलेली. चष्मा पर्समध्ये, पर्स लॉकरमध्ये.

राईडच्या तोंडाशी नेहमीची पाटी होती: रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं दुखणं, गरोदरपण असल्यास बसू नये. आत्याने डोळे बारीक करकरून ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, ‘‘यातलं मले काहीच नाही. गुडघे दुखतात, ते त्यायनं लिहिलंच नाही.’’

होडी येते तेव्हा बाकांवर आधीच्या लोकांचं पाणी साचलेलं असतं. बसण्याआधी प्रत्येक जण ते तळहाताने निपटतो, मग तोच ओला हात पँटला पुसतो, आणि मग बसतो. पाच मिनिटांत सगळेच नखशिखांत भिजणार असतात, पण बसताना बूड कोरडं पाहिजे हा हट्ट काही सुटत नाही. पुढचे जास्त भिजतात की मागचे, यावर आमच्या होडीत लगेच दोन तट पडले. एक म्हणे, पाणी पुढून येतं. दुसरा म्हणे, येतं पुढून पण पडतं मागच्यांवर. हा वाद मी याआधीही ऐकलाय आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजू सारख्याच निथळत बाहेर पडल्यात.

दांडी मांडीवर येऊन बसली, खट्ट आवाज झाला, आणि होडी निघाली. निघाली म्हणजे काय, तर सुटली. अशा राईडमधल्या होडीला सहसा इंजिन नसतं. मोठाले पंप खालच्या तळ्यातलं पाणी उचलून नालीच्या वरच्या टोकाला सोडत राहतात, ते पाणी आपल्या वाटेने खाली येतं, आणि त्याच्या अंगावर होडी. वळण आलं की तिला वळवायलाही कुणी नसतं. ती सरळ जाऊन भिंतीवर ढप्प आदळते आणि मुकाट्याने वळते. होडीच्या बुडाला चाकं असतात, पण ती पाण्यात लागत नाहीत. चढण आली की खालची साखळी किंवा पट्टा तिला धरतो, आणि उतारावर ती त्याच चाकांवर धावते. रात्री पंप बंद झाले की नालीतलं पाणी उतरत उतरत तळ्यात येतं आणि तळं काठोकाठ भरतं. सकाळी पंप सुरू केले की पुन्हा रोजची नदी.

या सगळ्यात मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे शेवटचा तो पाण्याचा फवारा. तो केवळ मजेसाठी केलेला असतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो ब्रेक आहे. समजा, होडी पंधरा मीटर उंचीवरून आली; घर्षण सोडून दिलं तर खाली पोचेपर्यंत तिचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या घरात जातो. एवढा वेग काही पावलांत मारायचा तर तो कुणाच्या तरी गळ्यात टाकायला हवा. तो पाण्याच्या गळ्यात टाकतात. पाणी उसळतं, होडी मंदावते. आपण ओरडतो, टाळ्या पिटतो, फोटो काढतो तो त्या ब्रेकचा. नाकाडाचा आकार जरा इकडचा तिकडे केला की तेच पाणी बाजूला फेकलं जातं किंवा अंगावर येतं. म्हणजे माणसं किती भिजवायची हेही कुणीतरी आधी कागदावर ठरवलेलं असतं.

आत अंधार होता. क्लोरीनचा वास, त्याखाली ओल्या सिमेंटचा वास, आणि लांबून कशाचं तरी घुमणं. भाच्याने माझ्या बाहीचं कापड मुठीत धरलं आणि म्हणाला, ‘‘मामा, मला माहितीये हा खोटा आहे.’’ अजून काही दिसलंही नव्हतं. पुढच्या वळणावर तो पुन्हा म्हणाला, ‘‘मला माहितीये.’’ त्याच्यापुढच्या वळणावर नुसतंच, ‘‘माहितीये ना मला.’’

अंधारातल्या राईडचं सगळं कसब वळणांत असतं. पुढचा देखावा मागच्या देखाव्यातून दिसता कामा नये, म्हणून नाली नागमोडी काढतात आणि भिंती काळ्या रंगवतात. जनावराला फारसं काही येत नसतं: मान खाली, मान वर, जबडा उघड, डरकाळी. पण त्याला तेवढंच यायला हवं, कारण होडी त्याच्यासमोर आठ-दहा सेकंदच असते, आणि ती सरकत असल्यामुळे तेच वळून आपल्याकडे बघतंय असं वाटतं. एकाच्या अगदी जवळून आम्ही गेलो. डरकाळीच्या क्षणभर आधी त्याच्या गळ्यातून फुस्स करून हवा सुटली, आणि त्या हवेने त्याच्या दाताला लोंबणारा पाण्याचा एक थेंब उडून आत्याच्या गालावर बसला. तिने तो पुसला आणि जनावराकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्याचीच दया आली.

मग चढ. कट्कट् कट्कट्. या चढाला उगाच इतका वेळ लावत नाहीत. खाली पडायला दोनच सेकंद लागतात. घाबरायला मात्र ऐसपैस वेळ दिलेला असतो, आणि तिकिटाचे पैसे खरं तर त्या वेळाचे असतात. वर पोचल्यावर होडी क्षणभर थबकल्यासारखी झाली. भाचा आता काहीच म्हणत नव्हता. पुढचं मी पाहिलेलं नाही, कारण डोळे मिटलेले होते. ऐकलं ते एवढंच: ‘‘अवं मायऽऽ वंऽऽ!’’ आणि मग पाणी, डिसेंबरचं, गार.

बाहेर आल्यावर आत्या केस पिळत म्हणाली, ‘‘हे चांगलं आहे. देवीच्या जत्रेतल्या पाळण्याने मले मळमळते. यानं नाही झालं.’’

माणसाला उतारावरून होडीत बसवून पाण्यात ढकलायची ही युक्ती तशी जुनी आहे. पॉल बॉयटन नावाच्या पोहणाऱ्याने १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर सी लायन पार्क काढलं, त्यात सपाट बुडाची होडी उतारावरून सुटून तळ्याच्या पाण्यावर टप्पे खात जायची. लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराची होडी आली १९६३ मध्ये, टेक्सासच्या एका पार्कात. ती कल्पना अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांकडून उचललेली: डोंगरावर तोडलेलं लाकूड पाण्याच्या नालीत सोडून खाली गिरणीपर्यंत आणायचे, आणि कधीमधी हौशी माणसंही त्यात बसून यायची. मग त्यात गोष्टी आल्या, चाचे आले, डायनोसॉर आले. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सल स्टुडिओत १९९६ साली डायनोसॉरची होडी सुरू झाली, तिच्या शेवटी टी-रेक्स आणि ८४ फुटांची उडी. आपल्याकडे गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आलं. माझ्या पिढीतल्या मुंबईकरांना त्यातल्या राईडइतकीच तिथवर नेणारी फेरीबोट आठवते. खऱ्या खाडीतली खरी होडी आधी, मग खोटी. इमॅजिका २०१३चं, त्यामुळे भाच्याला असलं काही सांगायला गेलं की तो ‘मामा, झालं का?’ असं विचारतो.

कपडे वाळेपर्यंत आम्ही चहा घेऊन उन्हात बसलो. समोर घाट होता, खंडाळ्याचा. आणि तिथं बसून फोनवर त्या देशी नावाचा शोध घेतला तेव्हा रांगेतल्या त्या गृहस्थांना गाठून सांगावंसं वाटलं, अहो, हे नाव यांनी नाही बनवलं.

गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली नावाचं गाव आहे. तिथं सिमेंट कंपनीची चुनखडीची खाण होती. १९८१ साली खाणीतल्या कामगारांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या माणसांना काही गोल गोळे आणून दाखवले. चुनखडीचेच गोळे, पण फारच गोल. ती डायनोसॉरची अंडी निघाली. मग १९८२ ते १९८४ या काळात तिथून हाडं काढली गेली: कवटीचा मेंदूकडचा भाग, मणके, कमरेची हाडं, पाय. सुरेश श्रीवास्तव यांनी ती बारकाईने नोंदवून ठेवली होती. त्या हाडांचं एक जनावर आहे आणि ते जगाला माहीत नसलेलं आहे, हे रीतसर जाहीर व्हायला २००३ उजाडलं. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून नाव ठेवलं: राजासॉरस नर्मदेन्सिस. दोन पायांवर चालणारा, मांस खाणारा, कपाळावर एक बसकं शिंग. लांबी साडेसहा-सात मीटर. टी-रेक्सच्या निम्म्यापेक्षा जरा जास्त. त्याचे परदेशातले जवळचे भाऊबंद टी-रेक्सच्या उत्तर अमेरिकेत सापडत नाहीत, मादागास्करला सापडतात, कारण एकेकाळी मादागास्कर आणि आपण एकाच भूमीचे तुकडे होतो.

सिमेंटची गंमत मला तिथंच लक्षात आली. पार्कातले खडक कसे करतात? लोखंडी जाळी वाकवायची, तिच्यावर सिमेंट फवारायचं, ओलं असताना भेगा कोरायच्या, मग तपकिरी रंग. जगभर हीच रीत आहे. आणि हा राजा जमिनीतून वर आला तो सिमेंटसाठी चुनखडी खणताना. म्हणजे ज्या उद्योगाने त्याला उकरून काढलं त्याच उद्योगाच्या मालाने त्याला पुन्हा घर बांधून दिलं. मला हे कुठल्याही माहितीफलकापेक्षा सुंदर वाटतं. (राईडमध्ये माहितीफलक नाहीत म्हणून नाकं मुरडणारी माणसं असतात. मी त्यांच्यातला नाही. अंधारात घाबरायला आलेल्या माणसाला भूशास्त्र शिकवू नये. घाबरू द्यावं, घरी गेल्यावर तो आपण होऊन शोधतो.)

पण राईड काढणाऱ्यांना एक प्रसंग मी जरूर सुचवला असता. त्याच गुजरातेत, ढोली डुंगरी गावी, भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात डायनोसॉरचं एक घरटं मिळालं. अंडी आणि त्यांच्याशेजारी नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची बारीक हाडं. पुढे बऱ्याच वर्षांनी जेफ्री विल्सन या अमेरिकन अभ्यासकाने तो दगड हातात घेतला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की यातली सगळी हाडं पिल्लाची नाहीत. काही मणके सापाचे आहेत. साडेतीन मीटरचा साप, फुटक्या अंड्याभोवती वेटोळं घालून, पिल्लाच्या शेजारी. त्या क्षणी वरून वाळू-चिखल कोसळला असावा आणि तिघं तसेच राहिले. २०१० मध्ये तो शोध छापून आला. लांब मानेच्या राक्षसाचं अर्ध्या मीटरचं पिल्लू आणि त्याच्यावर टपलेला साप. याला डरकाळी लागत नाही की हवेचा दाब लागत नाही. होडी तिथं नुसती थांबवायची.

भाच्याला हे सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा फोनकडे नीट पाहिलं. ‘‘मग साप जिंकला?’’

‘‘कुणीच नाही जिंकलं.’’

‘‘असं कसं?’’

त्याचं उत्तर समोर उभं होतं. राजासॉरसची हाडं ज्या थरात मिळाली त्याला लामेटा म्हणतात, जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लामेटा घाटावरून. आणि त्या थराच्या वर, बहुतेक ठिकाणी, काळा दगड आहे. आपला काळा दगड. किल्ल्यांचा, लेण्यांचा, पाट्या-वरवंट्याचा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला. शंकूसारख्या एखाद्या ज्वालामुखीतून उडाला असं नव्हे, तर पसरत गेला. थांबला, निवला, त्यावर माती धरली, झाडं आली, तळी साचली, आणि पुन्हा पुढचा लोट. असे किती तरी लोट, लाखो वर्षं. आज झिजून उरलेला दगडही पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच बसलेला. त्याच सुमारास मेक्सिकोत अशनी आदळली. डायनोसॉर नेमके कशाने संपले, अशनीने किती आणि या लाव्हाच्या धुराने किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. त्या भांडणात आपला सह्याद्री आरोपी नंबर दोन आहे.

आणि हा आरोपी इमॅजिकाच्या खुर्चीत बसून, हातात चहा धरून बघता येतो. घाटाच्या कड्यावर ज्या आडव्या रेघा दिसतात ते त्या लोटांचे थर. भूशास्त्रज्ञांनी त्यांना खालून वर नावं दिलीयत, ती वाचताना एस्टीचं वेळापत्रक वाचतोय असं वाटतं: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. अमेरिकेतल्या विद्यापीठात बसलेला माणूस डायनोसॉरच्या अंताबद्दल लिहायला घेतो तेव्हा त्याला ‘ठाकूरवाडी’ टाइप करावं लागतं. खंडाळ्याच्या वरच्या थराला ‘बुशे’ म्हणतात, आणि आपल्या मराठी घरात त्या गावाचं नाव ऐकलेला माणूस शोधावा लागेल.

हा दगड वितळलेला होता तेव्हा त्याच्या आसपास राजासॉरसचे शेवटचे वंशज असतील का? लाव्हाच्या दोन थरांमध्ये जो गाळ साचलाय त्यातही डायनोसॉरचे अवशेष मिळालेत, म्हणजे पहिले लोट आल्यावरही ही जनावरं इथं चरत होती, अंडी घालत होती. मी भाच्याला कडा दाखवला. त्याने मागे वळून पार्कातल्या रंगवलेल्या खडकांकडे पाहिलं, पुन्हा कड्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, ‘‘तो जास्त खोटा वाटतो.’’ कड्याबद्दल. दुपारच्या उन्हात तो खरोखर पुठ्ठ्याचा दिसत होता.

खोपोलीला पाणी पाडण्याची सवयही जुनी आहे, हे जाताजाता सांगायलाच हवं. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत होत्या तेव्हा टाटांनी लोणावळ्याकडे घाटमाथ्यावर धरणं बांधून पावसाचं पाणी अडवलं. वळवण, शिरवटा, लोणावळा ही त्यातली तळी. ते पाणी नळांतून थेट खोपोलीला सोडलं, दीड हजार फुटांहून जास्त खाली, आणि १९१५ पासून त्यावर वीज तयार करून गिरण्यांना दिली. डोंगराच्या अंगावरून उतरणारे ते नळ अजूनही दिसतात. वापरून झालेलं पाणी पाताळगंगेला मिळतं, म्हणून ती नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. राईडमध्ये वीज खर्चून पाणी वर चढवतात आणि मग पडू देतात. पलीकडे शंभरावर वर्षं पाणी पडू देऊन वीज काढतायत. भाच्याला मी म्हटलं, बघ, त्या नळातून होडी सोडली तर? त्याने बराच वेळ विचार करून ‘‘दांडी घट्ट पाहिजे’’ एवढंच सांगितलं.

आत्या इतका वेळ चहात बिस्कीट बुडवत बसली होती. आम्ही दोघं मोठ्याने वाचत होतो ते तिच्या कानावर पडत असणार, पण ती काही बोलली नव्हती. डायनोसॉर गुजरातेत सापडतात हे ऐकून तिने मान वर केली.

‘‘गुजरातेत काऊन? आमच्या पिजदुऱ्याले सापडते ना.’’

मला वाटलं, राईडचं पाणी कानात गेलंय. पण पिजदुरा खरंच आहे, वरोरा तालुक्यात. तिच्या मोठ्या जावेचं माहेर त्या बाजूचं. लग्न नवीन असताना ती तिकडे गेली होती आणि शेतात पोरं दगड वेचताना पाहिली होती. ‘‘शेणाचे गोटे म्हणत लोकं. दिसायले शेण, उचलला तर दगड. वजनदार. कोणी कोणी साहेब लोकं यायचे झोळ्या घेऊन. आम्ही हसायचो, शेण नेऊन राहिले म्हणून.’’

फोनने आत्याच्या बाजूने साक्ष दिली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, पिजदुऱ्याची हाडं माहीत आहेत. जवळच्या डोंगरगावला लांब मानेचा एक अख्खा नवा डायनोसॉर मिळाला, त्याचं नाव आता इसीसॉरस. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ठेवलेलं. पण खरी कमाल त्या शेणाच्या गोट्यांनी केली. वंदना प्रसाद, अशोक साहनी या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते फोडून, विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गवत खाल्लं की त्यातले वाळूसारखे बारीक सिलिकाचे कण पोटात पचत नाहीत, आणि गवतांच्या गटागटानुसार त्या कणांचे आकार निराळे असतात. ते कण त्या दगडी शेणात होते. तोवर सगळ्यांचं म्हणणं असं होतं की डायनोसॉर संपल्यावर बऱ्याच काळाने गवत आलं. पिजदुऱ्याच्या शेणाने ते मोडीत काढलं. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते छापून आलं. त्यात निदान पाच प्रकारची गवतं होती, आणि त्यातली काही आजच्या भाताच्या नात्यातली.

‘‘भात?’’ आत्या म्हणाली. ‘‘आमच्या इकडे भात कुठं? तो चंद्रपूरच्या तिकडे, मूल-सिंदेवाहीले. वरोऱ्याले कापूस अन् सोयाबीन.’’

‘‘आत्या, तेव्हाचं सांगतोय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं.’’

‘‘मंग तसं सांग ना.’’

मला त्या सगळ्या दिवसात हेच सगळ्यात जास्त भावलं असेल. राजासॉरसला पाटी मिळाली, होडी मिळाली, डरकाळी मिळाली, आणि त्याच्यामुळे माझ्यासारख्याला तो कळला. याबद्दल मी त्या राईडचा ऋणी आहे, आणि हे टोमणा म्हणून लिहीत नाही. दात असलेल्याचीच राईड होणार. गवत चरून शेण टाकणाऱ्याची कोण काढतो? पण जगाच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट दातांनी नाही सांगितली, ती त्या शेणाने सांगितली. आणि ते शेण आमच्या घरातल्या बाईने, मेंदी उतरलेली नसताना, बांधावर उभं राहून पाहिलं होतं, आणि इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नाही म्हणून ती बोलली नव्हती.

भाचा तिच्या खुर्चीला चिकटून बसला. आता टी-रेक्सवाला टी-शर्ट अंगात वाळत होता आणि त्याची त्याला पर्वा नव्हती.

‘‘आत्याआजी, मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ या तिकडे?’’

‘‘मे महिन्यात? चंद्रपूरच्या उन्हात तुमचा तो राजासॉरसबी येत नाही, बापा.’’

‘‘मग दिवाळीत?’’

‘‘दिवाळीत पीक उभं राहते. शेतात काय दिसणार तुले? फेब्रुवारीत ये. पऱ्हाटी उपटली की जमीन मोकळी होते. वरोऱ्यापर्यंत रेल्वे आहे, पुढं जावेच्या भाच्याची गाडी सांगतो मी. अन् मामाले सांग, बूट घालून ये म्हणा. चप्पल नाही चालत त्या मातीत.’’

त्याने लगेच विचारलं, शाळेचं काय. आत्या म्हणाली, शाळेत सांगायचं, वरोऱ्याच्या आजीची तब्येत बरी नाही. मी विरोध केला. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटी शनिवारला जोडून एक दिवस असं ठरलं.